न वाचता आलेल्या चिन्हांचे पत्र

आजचा धागा एका पत्राविषयी आहे, आणि थोडासा माझ्या एका चुकीविषयी. चूक आधी सांगतो. कारण ती घडली नसती तर ते पत्र मी कधी नीट उघडून पाहिलेच नसते. धागा लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाचा.

मी माण येथे राहतो. सातारा जिल्ह्यातला माण तालुका नव्हे. मुळशी तालुक्यातले, हिंजवडीच्या पाठीला पाठ लावून असलेले माण. शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोमार्गाचे हे टोक. गेली काही वर्षे या गावात जमीन सलग अशी कोठे राहिलेलीच नाही. कोठे इमारतीचा पाया, कोठे जलवाहिनीचा चर, कोठे रस्त्याचे रुंदीकरण. ‘उत्खनन’ हा शब्द आमच्याकडे पुरातत्त्वाच्या पुस्तकात नव्हे, तर ‘गौण खनिज उत्खनन’ या सरकारी कागदात भेटतो.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात ओढ्याकाठच्या अशाच एका चरातून पोकलेनने एक काळी शिळा वर काढली. उंची कंबरेएवढी. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, त्याखाली अक्षरांच्या दोन-तीन झिजलेल्या ओळी, आणि तळाशी काहीतरी कोरलेले. पण ते इतके घासले गेलेले की माणूस की जनावर हेही उमजेना. उन्हे कलली होती. मी मोबाइल काढला, ॲपमधूनच छायाचित्र टिपले, त्याच्या मध्यावर माझ्या पानाच्या नावाची लाल पट्टी चढवली आणि मथळा दिला : ‘माणमध्ये सापडला शिलाहारकालीन गधेगळ!’

गधेगळ म्हणजे काय, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. दान दिलेल्या जमिनीवर कोणी हात टाकू नये म्हणून कोरलेली शापवाणीची शिळा. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर दान टिको, म्हणून माथ्यावर चंद्र-सूर्य. पण चंद्र-सूर्य वीरगळावरही असतात आणि सतीशिळेवरही असतात. मी त्यांतला गधेगळच का निवडला? कारण गधेगळाची गोष्ट लोकांना आवडते. आणि ‘शिलाहारकालीन’ हा शब्द मी केवळ कानाला भारदस्त वाटतो म्हणून लिहिला होता, हे आज कबूल करण्यात लाज कसली?

ती पोस्ट पुष्कळ फिरली. शेकडो प्रतिसादांत एक प्रतिसाद एका निवृत्त शिक्षकांचा होता. “अरे, त्या लाल पट्टीखाली अक्षरे आहेत का?”

“आहेत, सर,” मी उत्तर दिले.

“मग ती दाखव. गधेगळ आहे की नाही ते मागाहून पाहू.”

दोन दिवसांनी मी परत गेलो तेव्हा चर मुरुमाने बुजवून वर रोलर फिरला होता. तेथल्या एका कामगाराला विचारले, तर तो म्हणाला, “ते होय? भरावात गेला तो दगड, दादा.” ॲपने मूळ छायाचित्र जतन केलेले नव्हते. माझ्याजवळ उरली होती ती फक्त लाल पट्टी.

सरांना हे कळवले. ते रागावले नाहीत. त्यांनी एका जुन्या नियतकालिकाची फाइल पाठवली, एवढेच. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीचे नियतकालिक, चौथा खंड, १८३७. त्यात कर्नल विल्यम हेन्री सायक्स याने सर जॉन माल्कम याला लिहिलेले एक पत्र आहे. विषय : जुन्नरजवळच्या बौद्ध लेण्यांमधील लेख.

सायक्स हा आजच्या अर्थाने पुरातत्त्वज्ञ नव्हता. तो मुंबई सैन्यातला अधिकारी. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबई सरकारने, म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, त्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. तो गावोगाव हिंडला. माणसे मोजली, जमिनीच्या वहिवाटी लिहून घेतल्या, वायुभारमापक घेऊन हवेच्या दाबाची चढउतार नोंदली, आणि पक्षी तर इतके जमवले की दख्खनच्या पक्ष्यांची त्याची सूची आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. पुण्याच्या माळरानावर तुरा असलेला जो तांबूस चंडोल दिसतो, त्याला इंग्रजीत सायक्सचेच नाव आहे. मोजणे, टिपणे आणि पुढे जाणे, ही या माणसाची वृत्ती. १८२८ मध्ये नाणेघाटात आणि जुन्नरच्या परिसरात त्याला कातळावर कोरलेल्या ओळी दिसल्या, तेव्हाही त्याने तेच केले. त्या उतरवून घेतल्या.

येथे एका शब्दावर थांबू. त्या काळच्या इंग्रजी लेखनात लेण्यांनाच ‘एक्स्कॅवेशन्स’ म्हणत. डोंगर कोरून काढलेली पोकळी ती उत्खनन. जमिनीखालचे अवशेष शास्त्रशुद्धपणे उकलणे हा अर्थ त्या शब्दावर पुढे रूढ झाला. आपणही ‘लेणे खोदले’ असेच म्हणतो. तेव्हा सायक्सला ही चिन्हे उत्खननात सापडली असे म्हटले तर ते त्याच्या भाषेत अगदी खरे आहे. फक्त ते उत्खनन त्याने केलेले नव्हते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी केलेले होते.

आता त्याच्यापुढची अडचण पाहा. १८२८ मध्ये ही लिपी वाचू शकणारा एकही माणूस हयात नव्हता. भारतात नव्हता, जगात कोठेच नव्हता. ती लिपी म्हणजे आपण आज जिला ब्राह्मी म्हणतो ती. छायाचित्रण जगासमोर यायला १८३९ उजाडायचे होते. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून, वर शाई फिरवून ठसा घेण्याची जी पद्धत आज अभ्यासक वापरतात, तीही सायक्सच्या हाताशी नव्हती. डोळ्यांनी पाहायचे आणि हाताने काढायचे, एवढाच मार्ग.

हे काम किती कठीण आहे ते करून पाहिल्यावाचून कळत नाही. आपल्याला येणारी अक्षरे आपण नकलत नसतो, आठवून लिहीत असतो. न येणारी अक्षरे मात्र चित्रासारखी काढावी लागतात, आणि त्या चित्रातले काय महत्त्वाचे, काय नाही, हे सांगणारे कोणी नसते. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे साधे अधिकचे चिन्ह. स्वस्तिक म्हणजे त्याच चिन्हाचे हात वळवलेले रूप. ज्याला लिपी येत नाही त्याने यांतले अक्षर कोणते आणि मंगलचिन्ह कोणते हे कसे ओळखावे? ब्राह्मीतला ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ. वर्तुळात टिंब दिले की ‘थ’. आणि आपला सह्याद्रीचा कातळ तर मुळातच टिंबांनी भरलेला! लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली असंख्य छिद्रे त्यात असतात. छिन्नीने दिलेला अनुस्वार कोणता आणि सहा कोटी वर्षांपूर्वीचा बुडबुडा कोणता?

अशा स्थितीत माणूस सहसा दोनांपैकी एक गोष्ट करतो. न कळलेले सोडून देतो, किंवा न कळलेल्याला अर्थ चिकटवतो. मी दुसरी केली. सायक्सच्या आधी सुमारे तीस वर्षे, ह्याच पुण्यातून निघालेल्या काही नकलांच्या बाबतीतही दुसरीच घडली होती. ती हकिकत विनोदी आहे, पण माझ्या अंगावर काटा आणते.

चार्ल्स मॅलेट हा सवाई माधवरावांच्या काळात पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता. त्याच्या पदरी गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार होता. त्याने काढलेली वेरूळची चित्रे आजही जपलेली आहेत, आणि आपल्या शालेय पुस्तकांत त्याचे नाव का नाही हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. मॅलेटने वेरूळवर जॉन शोअरला पत्ररूपाने एक वर्णन लिहिले. शोअर तेव्हा गव्हर्नर जनरल होता आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा अध्यक्षही. वेरूळ आदी लेण्यांतील लेखांच्या नकलाही मॅलेटकडून तिकडे गेल्या. त्या पोहोचल्या काशीला, फ्रान्सिस विल्फर्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती.

विल्फर्डने आधी हात टेकले होते. पण मग त्याला एक वृद्ध पंडित भेटला, आणि त्या पंडिताजवळ नेमका असा एक ग्रंथ निघाला की ज्यात भारतातल्या साऱ्या लुप्त लिपींच्या किल्ल्या होत्या! त्या किल्लीने लेख भराभर उलगडले. अर्थ असा निघाला की पांडव वनवासात असताना त्यांना माणसांशी बोलण्याची मनाई होती, म्हणून त्यांच्या हितचिंतकांनी ठरावीक सांकेतिक लिपीत अरण्यातल्या खडकांवर त्यांच्यासाठी त्रोटक निरोप कोरून ठेवले. विल्फर्डने हे सारे मोठ्या विश्वासाने छापले. किल्ली बनावट होती. लेखांत पांडव नव्हते, निरोपही नव्हते.

यात पंडिताला हसण्यात अर्थ नाही. त्याने विल्फर्डला जे ऐकायचे होते ते ऐकवले. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक लेण्याला ‘पांडवलेणी’ म्हणतातच. त्याने त्या लोकश्रद्धेला फक्त ग्रंथाचा आधार पुरवला. विल्फर्डची ‘किल्ली’ आणि माझा ‘शिलाहारकालीन’ यांत फरक असलाच तर एवढाच, की मला फसवायला पंडिताचीही गरज पडली नाही.

या पार्श्वभूमीवर सायक्सचे पत्र वाचले की त्याचे मोल उमगते. ही लेणी बौद्धांची, असे तो शीर्षकातच म्हणतो, आणि ते बरोबर आहे. पण ओळींत काय लिहिले आहे, हे तो सांगत नाही. सांगू शकतच नव्हता. त्याने लेखांची चित्रे पाठवली आणि ती जाणत्या मंडळींपुढे यावीत अशी व्यवस्था केली. लेखांबरोबर येणारी स्वस्तिकासारखी चिन्हेही त्याच्या नजरेतून सुटली नाहीत. अक्षरांच्या रांगेत न बसणारी म्हणून ती त्याने गाळली नाहीत. पुढे त्याच नियतकालिकात लेख आणि त्यांसोबतची चिन्हे यांचे नमुने त्याने स्वतंत्रपणेही दिले.

पत्र ज्याच्या नावे आहे तो माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. पत्र छापून आले १८३७ साली. माल्कम त्याआधी चार वर्षे, १८३३ मध्येच, वारला होता. पण तारखांतला खरा योग दुसराच आहे. त्याच १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी वाचली.

ती कशी वाचली ते पाहा, कारण सारा मुद्दा तेथे आहे. सांचीच्या कठड्यांवरील छोट्या छोट्या लेखांच्या नकला त्याच्याकडे आल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपत होता, आणि शेवटच्या अक्षराला एक टिंब होते. देवळात लोक काय कोरतात? अमक्याचे दान. तर मग ही अक्षरे ‘दानं’ असतील काय? टिंब म्हणजे अनुस्वार. त्या अंदाजावर ‘द’ मिळाला, ‘न’ मिळाला, आणि पुढे अशोकाच्या स्तंभांपर्यंतची वाट मोकळी झाली. आता कल्पना करा, सांचीच्या नकला करणाऱ्याने ते टिंब दगडाचा खळगा समजून सोडले असते तर? त्याला त्या टिंबाचा अर्थ माहीत नव्हता. तरी त्याने ते काढले.

जुन्नरच्या लेखांत ‘दानं’ऐवजी बहुधा ‘देयधम’ हा शब्द येतो. अर्थ तोच, धर्मार्थ दिलेले. लिपी उलगडल्यावर ज्या ओळी पांडवांच्या मानल्या जात होत्या त्यांतून सामान्य माणसे बाहेर आली. शिवनेरीवर शिवजन्मस्थान पाहायला आपण जातो, त्याच डोंगराच्या अंगाला लेणी आहेत. तेथल्या एका लेखात चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या माणसाने, भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. लेखासोबत त्रिरत्न आणि स्वस्तिक कोरलेले आहे. समुद्रापलीकडचे नाते सांगणारा दाता, प्राकृत भाषा, ब्राह्मी लिपी आणि बौद्ध चिन्हे, हे सगळे एका हाताच्या अंतरावर. चिन्हे वगळून नुसती अक्षरे उतरवली असती तर तो परका माणूस येथे किती रुळला होता, हे निम्मेच कळले असते.

नाणेघाटाचे तर विचारूच नका. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, आणि खालच्या लेण्याच्या दोन भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा, यज्ञांच्या आणि दक्षिणांच्या हिशेबाचा लेख आहे. मागच्या भिंतीवर राजकुलाच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा आणि वरची नावे, एवढेच शिल्लक. त्या लेखातली काही चिन्हे ब्राह्मी उलगडल्यावरही अक्षरे म्हणून जुळेनात. जुळणार कशी? ते अंक होते. भगवानलाल इंद्रजी या जुनागढच्या, डॉ. भाऊ दाजींनी मुंबईस आणलेल्या पंडिताने १८७० च्या दशकात त्यांवर निबंध लिहिला. एके ठिकाणी २४,४०० कार्षापणांची दक्षिणा नोंदली आहे, पण त्यात शून्य नाही. वीस हजारांचे एक चिन्ह, चार हजारांचे दुसरे, चारशेंचे तिसरे. हजाराच्या आणि शंभराच्या मूळ खुणेला लहान अंक जोडून ती बनवलेली. स्थानमूल्य रुळण्यापूर्वी आपले पूर्वज हिशेब कसा मांडत, त्याचा हा सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक आहे, आणि तो आपल्यापासून एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर आहे.

सायक्सला देवत्व देण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या हाताने काढलेल्या नकला पुढे अपुऱ्या ठरल्या. बर्जेस आणि भगवानलाल यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ मध्ये नव्याने प्रसिद्ध केले, आणि आज अभ्यासक त्यांच्यापासून सुरुवात करतात. शिवाय त्यालाही मोह आवरला नाहीच. १८४१ मध्ये त्याने प्राचीन भारतावर प्रदीर्घ निबंध लिहिला आणि बौद्ध धर्म हाच येथला आधीचा, वैदिक परंपरेचे वर्चस्व मागाहूनचे, अशा दिशेने बरीच उडी घेतली. तो सिद्धान्त टिकला नाही. मला मौज वाटते ती ही, की एकाच माणसाचा तर्क विरून गेला आणि त्याने ज्या भिंतीकडे बोट दाखवले ती भिंत मात्र प्रत्येक पिढीला नवीन काही देत राहिली.

हे सारे वाचून झाल्यावर सरांना फोन केला. “आता काय करू?” म्हटले.

ते म्हणाले, “घोरावडेश्वराला जा. पेन्सिल ने, वही ने. मोबाइल पिशवीत ठेव. आणि हे बघ, अक्षरे उठावीत म्हणून दगडाला खडू-पीठ काही चोळू नकोस. ऊन तिरके येईपर्यंत थांब.”

घोरावडेश्वर म्हणजे शेलारवाडीची लेणी; जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो डोंगर दिसतो, चढणारे बहुतेक शंकराच्या दर्शनाला चढतात. तेथे एक लेख आहे. धेनुकाकटाच्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची पत्नी सीअगुतणिका हिने, मुलगा नंद याच्यासह, लेणे दान दिल्याचा. धेनुकाकट नेमके कोठे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. पण नांगराशी नाव जोडलेल्या घरातली ही बाई, आणि तिने दिलेले दान डोंगरात कोरून ठेवलेले. आमच्या माणच्या शेतांची विक्रीखते होताना त्यांवर घरातल्या बायकांच्या सह्या मी पाहिल्या आहेत; त्या लेखापुढे उभा असताना मला त्याच आठवत होत्या. का, ते सांगता येणार नाही.

मी मुद्दामच वाचन आधी पाहिले नव्हते. दीड तास बसून ओळी चित्रासारख्या उतरवल्या. घरी येऊन १८८१ च्या पुस्तकाशी ताडून पाहिल्या. एक अनुस्वार मी छिद्र समजून गाळला होता, आणि एका छिद्राला मोठ्या आत्मविश्वासाने अनुस्वार केले होते. दोन अक्षरांच्या मात्रा चुकल्या होत्या. एक खूण अशी आहे की ती छापील वाचनात मला कोठेच बसवता आली नाही. कदाचित ती छिन्नीची नसेलही.

वहीचे ते पान पुढच्या पोस्टमध्ये जोडतो आहे. खाडाखोडीसकट, कोणतीही पट्टी न लावता. त्या खुणेभोवती पेन्सिलीने फिकट गोल केला आहे. कोणाला ओळखू आली तर लिहा. आणि तुमच्यापैकी कोणी चार वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या त्या संध्याकाळी, माणच्या ओढ्याकाठच्या रस्त्याने गेला असेल, आणि सहज म्हणून त्या काळ्या शिळेचे छायाचित्र काढलेले असेल, तर ते कितीही अंधुक असले तरी मला पाठवा. मधल्या ओळी दिसत असतील तर फारच बरे.